सुतळीचं दुसरं टोक

आमच्या संघटनेची गाडी ट्रकला धडकली, ती मी पत्रा ठोकणाऱ्या मिस्त्रींकडे दिली. चार दिवसांत ती बाहेरून नव्यासारखी दिसायला लागली, तरी मिस्त्री सोडेनात. दुसऱ्या दिवशी सभा होती. मी तणतणत गॅरेजात शिरलो.

"मिस्त्री, गाडी चालवायचीय, मिरवायची नाही."

"मिरवायची असती तर कालच दिली असती."

त्यांनी बहिणीला हाक मारली. ती कुबडी टेकत आली, ठोकळ्यांवर चढवलेल्या गाडीपाशी स्टुलावर बसली आणि तिनं सुतळीचं एक टोक धरलं. दुसरं टोक घेऊन मिस्त्री गाडीखाली सरकले. त्यांनी सांगाडा एका कोपऱ्यापासून समोरच्या तिरक्या कोपऱ्यापर्यंत मोजला, मग उरलेले दोन कोपरे. मापांत बोटभर फरक निघाला.

"एवढ्यानं काय बिघडतं?" मी म्हणालो.

मिस्त्री गाडीखालून बाहेर सरकले. बहीण बोलली.

"भाऊ, दादाही तेव्हा हेच म्हणाला होता. माझ्या नवऱ्याची गाडी अशीच धडकून आली होती, त्याला घाई होती. दादानं सांगाडा न मोजताच पोच्यांत पुट्टी भरली, रंग मारला आणि गाडी दिली. वळणावर ती वळलीच नाही. नवरा गेला, मी अशी उरले."

मिस्त्री खाली मान घालून सुतळी गुंडाळत होते. त्या अपघाताला अकरा वर्षं झाली. तेव्हापासून ठोकलेली प्रत्येक गाडी ते बहिणीला टोक धरायला लावूनच मोजतात. तिनं "जुळलं" म्हटल्याशिवाय गाडी दाराबाहेर पडत नाही.

गाडी गॅरेजातच ठेवून सभेला मी बसनं गेलो. उशीर का झाला, ते भाषणात आधी सांगितलं.