काहीच न झालेली टेस्ट

“म्हणजे काहीच झालं नाही?” मालकांनी तिसऱ्यांदा विचारलं.

मी डावा कंट्रोलर हातात धरून उभी होते. म्हटलं, “नाही सर. तेच तर हवं होतं.”

बोईसर एमआयडीसीतला औषधी गोळ्यांचा कारखाना. मी बाहेरच्या कंपनीकडून आलेली स्टोरेज इंजिनिअर. बऱ्याच डिस्क एका पेटीत बसवून सगळा डेटा तिथे ठेवतात, तिला स्टोरेज ॲरे म्हणतात. पेटी चालवायला दोन कंट्रोलर असतात. एक बंद पडला की दुसरा काही सेकंदांत काम उचलतो. हा फेलओव्हर. इथे प्रत्येक बॅचची नोंद त्या पेटीत जात होती. नोंद अर्धवट राहिली तर गोळ्या कितीही चांगल्या असोत, फेकाव्या लागतात. सोमवारी ऑडिटर येणार होते. त्यांना फेलओव्हर टेस्टचा रिपोर्ट हवा होता, मालकांच्या सहीचा.

गोळ्यांची लाइन बंद ठेवून टेस्ट करू, असं मी सुचवलं होतं. चालू लाइनवर केली तरच ती खरी टेस्ट, असं मालकांचं मत पडलं. आयटीच्या म्हात्रेंनी धास्ती घेऊन अर्धा कारखाना असेंब्ली पॉइंटवर, म्हणजे आग लागल्यावर जमायच्या जागी, उन्हात उभा केला होता. शूटिंगला लग्नाचा फोटोग्राफर आणला होता.

आणि झालं काही नाही. मी कंट्रोलर काढला, दुसऱ्याने काम उचललं, गोळ्या पडत राहिल्या. मी पेटीचा लॉग, म्हणजे तिने ठेवलेली सेकंदासेकंदाची नोंद, दाखवला. म्हात्रेंनी एक कंट्रोलर कमी असल्याचा पिवळा दिवा दाखवला. फोटोग्राफर म्हणाला, यात दाखवण्यासारखं काही नाही.

“मला फरक दिसला पाहिजे,” मालक म्हणाले. “न दिसलेल्या गोष्टीवर सही कशी करू?”

मी उत्तर देईपर्यंत ते वाकले आणि खटका दाबून त्यांनी उजवा कंट्रोलरही ओढून काढला.

स्क्रीन काळी झाली. लाइनवरच्या तांडेलांचा फोन आला. दांडी गावचे, मुळात शांत माणूस. “मॅडम, गोळ्या पडतायत, पन नोंद होत नाय.” लाइन थांबवा, मी म्हटलं. मी दोन्ही कंट्रोलर परत बसवले. जुन्या सगळ्या बॅचच्या नोंदी गेल्या असत्या तर सोमवारी दाखवायला काहीच उरलं नसतं.

पेटी पूर्ववत व्हायला चाळीस मिनिटं लागली. बाहेर उभ्या लोकांना चहा दिला गेला. डेटा सगळा वाचला. चालू बॅच मात्र फेकावी लागली.

मालक खूश होते. “आता झाली टेस्ट,” म्हणत त्यांनी सही केली. मी रिपोर्टमध्ये दोन्ही प्रकार लिहिले. ऑडिटरने तो दोनदा वाचला आणि मंजूर केला.

आठवड्याने म्हात्रेंचा फोन आला. मालकांना तिसरा कंट्रोलर हवा होता. पेटीत जागाच दोनची, असं मी कळवलं. मशीन बिघडलं तर दुसरं मशीन सांभाळून घेतं. मालकांसाठी अशी सोय अजून कोणी काढलेली नाही. म्हणून मी पेटी ठेवलेल्या रॅकला कुलूप लावायला सांगितलं आणि किल्ली म्हात्रेंकडेच ठेवा, असं लेखी दिलं.