पाटावर बसलेली हत्यारं

घरात काही मोडलं तर काय करावं, याचं माझ्या साडूंइतकं ज्ञान अख्ख्या नगर जिल्ह्यात कुणाला नसेल, आणि त्या ज्ञानापासून त्यांनी स्वतःचं घर इतकी वर्षं सुखरूप जपलं, हेही तितकंच खरं. सावेडीतल्या त्यांच्या हॉलमध्ये, जिथे इतर लोक लग्नाचा फोटो लावतात, तिथे एका फळीवर हातोडी, पक्कड, पेचकस, पाना, करवत, मोजपट्टी आणि पाणसळ टांगलेली असतात. ती फळी अर्थात सुताराने लावली. "नवशिक्यानं एवढीच घ्यावीत, पण चांगली घ्यावीत," असं ते घरी येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवतात, कुरिअरवाल्यालासुद्धा. "आणि हातोडी दांड्याच्या टोकाला धरावी. मानेशी धरणारा खिळा नाही, बोट ठोकतो." दर रविवारी हत्यारांना तेलपाणी होतं. मी हिशेबी माणूस; माझ्या अंदाजाने एवढ्या तेलात आमच्या दोन्ही घरांची बिजागरं जन्मभर करकरली नसती. एकदा माझ्याकडे साधं शेल्फ लावायला आले. दुपारभर भिंत मोजली, पाणसळ धरून एक डोळा मिटला आणि म्हणाले, "साडूभाऊ, भिंतच सरळ नाही." मग चहा घेऊन गेले. आमच्या सासूबाई राहात्याच्या, तोंडाने फटकळ. त्या म्हणाल्या, "जावई लई हुशार हाय. खिळ्याला तेवढं कळत न्हाई."

गेल्या खंडेनवमीला त्यांनी आम्हा सगळ्यांना जेवायला बोलावलं. हत्यारं पाटावर मांडलेली, हळदकुंकू वाहिलेलं, झेंडूत हातोडीचं नुसतं तोंड दिसत होतं. पूजा झाली की दुसऱ्या दिवसापर्यंत हत्यार उचलायचं नाही, हा नेम. त्यांना तो वर्षभर पाळायची सवय होतीच. तेवढ्यात बाथरूममधून सासूबाईंची हाक आली. आतली कडी अडकली होती. बाई शुगरच्या, त्यात नवरात्राचा उपवास. दार बाहेर उघडणारं, त्यामुळे माझे धक्के वाया गेले. मेहुणीने सुताराला फोन लावला. तो म्हणाला, "ताई, हत्यारं पाटावर बसलीत. उद्या सकाळी येतो." दुसऱ्यानेही तेच सांगितलं. अख्ख्या नगरातल्या हातोड्या त्या दिवशी फुलांखाली होत्या.

"पूजा मोडायची कशी?" साडू पुटपुटले. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

आतून आवाज आला, आता बराच बारीक. "जावईबापू, देवीला माजं नाव सांगा. पाप मला लागू द्या. पन आदी भाईर काढा, चक्कर येतीय."

साडूंनी पाटाला हात जोडले आणि हातोडी, पेचकस उचलले. बिजागराच्या खिळीला खालून पेचकस लावला आणि हातोडी धरली ती थेट मानेशी. पहिला घाव अंगठ्यावर बसला, दुसराही. मी पुढे झालो तर म्हणाले, "नको, मीच करतो." खिळ्या निघाल्या, दार आम्ही दोघांनी ओढून काढलं. सासूबाई भिंतीला धरून उभ्या होत्या. मेहुणीने साखरपाणी पाजलं, त्यांना तरतरी आली, आणि पहिलं लक्ष जावयाच्या अंगठ्याकडे गेलं.

"भ्या वाटत हुतं व्हय?" त्यांनी विचारलं.

"पहिल्यापासूनच," साडू म्हणाले. "वाकडं झालं तर लोक हसतात, आई."

आमच्यात सगळ्यात जास्त मीच हसलो होतो. सासूबाई जुन्या लुगड्याची चिंधी जावयाच्या अंगठ्याला बांधत बसल्या, आणि साडू दुसऱ्या हाताने, हातोडीच्या गुळगुळीत तोंडावर पडलेला पहिला ओरखडा चाचपत राहिले.