अण्णांनी कापून दिलेला पाइप

आज कपड्याच्या साबणाचा वास आला आणि माझे वडील, अण्णा, आठवले. नोकरी सोडून मी जुन्या गाडीची ताकद वाढवायला घरीच टर्बो बसवत होतो, म्हणून त्यांनी अबोला धरला होता. टर्बोची गरम हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरच्या पाइपसाठी मी उंब्रजपासून इस्लामपूरपर्यंतची भंगाराची दुकानं पालथी घातली, पण मापाचा पाइप मिळेना. एका सकाळी अण्णांनी शेतातल्या स्प्रिंकलरचा ॲल्युमिनियमचा पाइप कापून माझ्यापुढं ठेवला. वेल्डिंग झाल्यावर त्यांनीच हवा भरून जोडाला साबणाचं पाणी लावलं.

“हितं फेस येतोय. गळतंय बघ.”

मला वाटलं, चूक काढायलाच आले. चिडून मी त्या जोडाला पुन्हा वेल्डिंग मारलं.

पुढं गाडी विकली, पाइप तेवढा काढून ठेवला. अण्णा गेल्यावर एकदा त्यात हवा भरून साबण लावला. फेस कुठंच आला नाही. सांगायला मात्र कुणी नव्हतं.