आपटा नव्हे, कांचन

मुलुंडला आमच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या बाई कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायच्या. रिटायर झाल्या, पण शिकवणं थांबलेलं नाही. भाजीवाल्यापाशी वांगं उचलून आम्हाला सुनावतात, "बटाटा, टोमॅटो, मिरची, सगळी ह्याचीच भावकी. सोलॅनेसी!"

यंदा पावसाळ्यात त्यांच्या बाथरूममधून आमच्याकडे लीकेज सुरू झालं. मी तावातावाने वर जाऊन त्यांना खाली घेऊन आलो. "बघा, छताला शेवाळ धरलंय!"

त्यांनी चष्मा सरकवून वर पाहिलं. "शेवाळ कुठलं? बुरशी आहे ही. वनस्पतींत मोडतच नाही."

झालं, तेव्हापासून बोलणं बंद.

दसऱ्याला बायकोने सोनं देऊन मला वर पिटाळलं. मी मुकाट्याने पान पुढे केलं. बाईंनी ते उजेडात धरलं.

"हा आपटा नाही, कांचन आहे. बाजारात हेच खपवतात."

मी वळलोच होतो.

"थांबा. जीनस एकच आहे, बौहिनिया. म्हणजे सख्खी भावंडं. चालेल."

पान देव्हाऱ्यात ठेवून, "प्लंबर उद्या येतोय," असं म्हणत त्यांनी एक लहानसं, जाडसर पान माझ्या हातावर ठेवलं.

"हा आपटा. बौहिनिया रेसिमोजा. नीट बघून ठेवा. पुढच्या वर्षी चूक चालणार नाही."