रोट खाल्लेलं मुंगूस

चाळीसगावजवळच्या सासरी माझ्याशी सगळ्यात आधी कोणी ओळख केली असेल, तर परसातल्या तुऱ्हाट्यांच्या ढिगात राहणाऱ्या मुंगसानं. मी भांडी घासायला बसले की ते बाहेर यायचं आणि मागच्या पायांवर उभं राहून मला न्याहाळायचं. भाकरीचा तुकडा आधी लांब नेऊन खायचं. पुढे पुढे माझ्या पायाशीच बसू लागलं. घरात मला कोणी जेवलीस का म्हणून विचारत नसे, पण याच्याशी मी सगळं बोलायची.

श्रावणात घरात कानबाई देवी बसली. तिचा रोट, नैवेद्याची जाड पोळी, फक्त भाऊबंदांनी खायचा. लग्न झालेल्या लेकीलाही त्यातला घास द्यायचा नाही, हात धुतलेलं पाणीसुद्धा खड्ड्यात पुरायचं. मी नवखी. सवयीनं ताटातला तुकडा मुंगसापुढे टाकला, त्यानं तो खाल्ला, आणि मग मला नियम आठवला. कोणी पाहिलं नव्हतं, म्हणून मी तोंड शिवून बसले.

चैत्र संपता संपता थोरल्या दिरांची दोन कबुतरं कोणीतरी फस्त केली. दीर मोठे मिशीवाले. मिशीला तूप लावल्याशिवाय घराबाहेर पडत नसत. त्यांनी चौकशी केली नाही की पाळत ठेवली नाही. भरदुपारी परसात आले आणि माझ्यादेखत मुंगसाला काठीनं मारलं. ते पळालंही नाही. माणूस जवळ आला की खायला मिळतं, हे मीच त्याला शिकवलं होतं.

दुसऱ्याच दिवशी शेजारचा बोका तिसरं कबुतर तोंडात धरून भिंतीवरून गेला. दीर म्हणाले, "मरनं ते मरनं." मेलं ते मेलं, त्यांच्या लेखी विषय संपला.

थोरल्या दिरासमोर सुनेनं तोंड उघडायची रीत नव्हती. माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता. या माणसाची मान खाली गेलेली मला बघायची होती. मग रोट आठवला. सासूबाई कानबाईच्या बाबतीत पोटच्या पोराचीही गय करत नसत. मी त्यांच्यापुढे जाऊन सगळं कबूल केलं.

त्यांनी आधी माझ्या थोबाडीत मारली. मग ओसरीवर दिरांकडे गेल्या.

"मुंगूसनी कानबाईना रोट खादा. आते तो आपला भाऊबंद शे. बठ्ठा घरले दहा दिन सुतक, आन् मारनारानी मिशी उतारनी."

"माय, मुंगूसनं सुतक कोन धरस?" दीर हसले.

"तू धरशी."

एक गोष्ट मात्र माझ्या ध्यानातच आली नव्हती. त्याच दहा दिवसांत आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली. आखाजीला सगळ्या लेकी माहेरी जातात, झोके घेतात. आईला मी वर्षभर पाहिलं नव्हतं. भाऊ गाडी जुंपून न्यायला आला आणि सुतक ऐकून पाणीही न पिता अंगणातूनच परतला. शेजारच्या मुलींची झोक्यावरची गाणी ऐकत मी चुलीपुढे ढसाढसा रडले.

दहाव्या दिवशी न्हावी आला. दाराआडून मी शेवटचा केस पडेपर्यंत बघत राहिले. दीर उठले. सवयीनं त्यांचा हात पीळ द्यायला ओठावर गेला आणि तसाच खाली आला. मग त्यांनी उपरणं तोंडावर ओढून घेतलं.

माझं मुंगूस गेलं होतं, माहेरही गेलं होतं. तरी त्या दिवशी मी दोन भाकरी जास्त खाल्ल्या.