टाकीची सावली

तेर गावातलं आमचं घर बांधणारा गवंडी बोलायचा कमी. तापलेल्या लेकराचं कपाळ बघावं तसा भिंतीला उलटा हात लावायचा. घराला लागेल तेवढी वीज घरानंच करावी आणि भिंतींनी उन्हाळ्यात गारवा धरावा, यासाठी इंजिनिअर, सोलरवाला आणि तो एकत्र आले होते. गच्चीवरच्या टाकीची सावली सोलरवर पडणार हे दिसल्यावर इंजिनिअर आणि सोलरवाला एकमेकांकडं बोट दाखवू लागले. गवंड्यानं कालच बांधलेला टाकीचा ओटा गपचूप फोडायला घेतला. म्हणाला, "नकाशे दोन असतील, घर एकच हाय."

घर झाल्यावर वैशाखातल्या एका दुपारी तो सहज आला. मी सवयीनं पंखा लावला. त्यानं उठून बंद केला.

"भिंतीवर इस्वास न्हाय व्हय, गुरुजी?"

चहा संपेपर्यंत मी घामाची वाट बघत होतो. आला नाही.