दादाच्या भिंतीवरचे जॅझवादक

माझा थोरला भाऊ गोंदियाच्या एका बँड पार्टीत सॅक्सोफोन वाजवायचा. मी तिरोड्याच्या कॉलेजात ग्रंथपाल. नव्याण्णव साली नागपुरात एका म्हाताऱ्या फोटोग्राफरशी माझी ओळख झाली. तरुणपणी मुंबईत असताना त्यांनी तिथे येणाऱ्या परदेशी जॅझवादकांचे फोटो काढले होते आणि घरातल्या डार्करूममध्ये ते स्वतःच्या हातांनी छापून द्यायचे. पहिला फोटो मी दादासाठी घेतला. एक काळा माणूस, डोळे मिटून सॅक्सोफोनवर वाकलेला, कपाळावरचा घाम अंधारात चमकणारा.

दादा तो हातात धरून बराच वेळ बसला. मग म्हणाला, "हा तं आपल्यासारखाच दिसून रायला." त्याने तो पुढच्या खोलीत बुद्धाच्या तसबिरीशेजारी लावला.

तिथून मला नादच लागला. जमेल तेव्हा नागपूरला जायचं आणि एखादा फोटो घेऊन यायचं. काही वर्षांत भिंत भरली. लग्नसराईत दमून आलेला दादा गणवेशाची बटणं काढत त्या फोटोंसमोर उभा राहायचा. मी जॅझच्या कॅसेटीही आणल्या होत्या. त्या ऐकताना तो सांगायचा, की वरातीत लोकांना पाहिजे ते वाजवावं लागतं, हे लोक मात्र आपल्या मनातलं वाजवतात.

दादाला खर्रा लागायचा. सुपारी-तंबाखूची ती पुडी आमच्याकडे कोण खात नाही? आधी तोंडात पांढरा चट्टा आला, मग तोंड उघडेना. नागपूरच्या डॉक्टरांनी कॅन्सरच्या गाठीसकट जबड्याचा एक भाग काढला. जीव वाचला, पण ओठ एका बाजूने मिटेनात. घरी आल्यावर त्याने एकदा सॅक्सोफोन तोंडाला लावला. नुसती हवा निघाली, आणि लाळ. वहिनीने पदराने त्याची हनुवटी पुसली. तो तिचा हात झटकेल असं मला वाटलं. त्याने तेही केलं नाही.

काही दिवसांनी त्याने मला बोलावलं. शब्द तुटत होते, कान जवळ न्यावा लागला.

"उतरव हे सारे. ते वाजवून रायले अन् मी पाहून रायलो. नाही होत आता."

मी एकेक फ्रेम उतरवली, वर्तमानपत्रात गुंडाळून लोखंडी पेटीत ठेवली. तो दुसरीकडे पाहत होता. पुढच्या उन्हाळ्यात गाठ परत आली आणि पावसाळ्यात धानाची रोवणी चालू असताना दादा गेला.

बऱ्याच महिन्यांनी पेटी उघडली. आत ओल शिरली होती. फोटो काचेला चिकटले होते. सोडवायला गेलो तर चेहरेच काचेसोबत निघाले. मी नागपूर गाठलं. फोटोग्राफर वारले होते, घर विकलं गेलं होतं. निगेटिव्ह कुठे गेल्या, हे शेजाऱ्यांनाही ठाऊक नव्हतं.

परतल्यावर वहिनीने विचारलं, दादाचा वाजवतानाचा एखादा तरी फोटो कुठे मिळेल का. वरातीत फोटो निघतात ते नवरदेवाचे. बँडवाल्यांचे कोण काढतो? तरी ज्यांच्या लग्नात त्याने वाजवलं होतं अशा दोन-तीन घरी जाऊन मी अल्बम चाळले. एकात दादा सापडला. घोड्यामागे, फोटोच्या कडेला अर्धा कापलेला, तोंडासमोर कुणाचा तरी हात. त्या घरच्यांनी तो फोटो लगेच काढून दिला. वहिनीला दाखवायचा धीर मला अजून झालेला नाही.